रिकाम्या जागा

राणीच्या ज्युबिलीच्या साली ठाण्यातल्या एका तांदळाच्या व्यापाऱ्यानं खाडीच्या अंगाला एक कौलारू घर बांधलं आणि निराधार म्हाताऱ्या माणसांसाठी देऊन टाकलं. कागदोपत्री त्या घराचं नाव दीड ओळीचं होतं. गाव त्याला म्हाताऱ्यांची धर्मशाळा म्हणे. मध्ये स्वैपाकघर, एका हाताला पुरुषांचं दालन, दुसऱ्या हाताला बायकांचं, पुढं लांब पडवी आणि मागं विहीर. पडवीत एक रंगवलेली फळी टांगली होती. तिच्यावर घराचे नियम होते आणि खाली नोकरमाणसांची यादी होती: कारभारी एक, स्वैपाकी एक, पुरुषांकडे गडी दोन, बायकांकडे बाया दोन.

घर उघडून तीन वर्षं झाल्यावर सखुबाई तिथं आली. खारीगावच्या मिठागरात तिनं चाळीस वर्षं मीठ ओढलं होतं आणि टोपल्या भरभरून डोक्यावरून वाहिलं होतं. नवरा तापानं गेला, मूलबाळ झालं नाही. पुतण्या सहदेव तिला सांभाळत होता, पण बांधावरून घसरून तिच्या मांडीचं हाड मोडलं आणि ती चार महिने त्याच्या ओटीवर पडून राहिली. सहदेवच्या घरात सात माणसं, त्यात बायको बाळंतपणाला टेकलेली. त्यानं एक दिवस तिला तरीच्या होडीत घातलं, खाडीपार ठाण्याला आणलं आणि डॉक्टरचा कागद घेतला. कागदावर लिहिलं होतं, 'अशक्त, निराधार, चालण्यास असमर्थ.' तिघांनी उचलून तिला बायकांच्या दालनात नेलं आणि दाराजवळच्या बाजेवर ठेवलं.

वर्षभरात हाड सांधलं. थोडं वाकडं सांधलं, पण सांधलं. सखुबाई आधी भिंत धरून चालू लागली, मग काठी घेऊन, मग काठी बाजेखाली पडून राहू लागली. घराची कमिटी दर तीन महिन्यांनी पाहणीला यायची. त्या दिवशी मात्र सखुबाई काठी काढायची आणि जरा जास्तच लंगडायची. पाय पूर्वीसारखा राहिला नव्हता हे खरंच होतं. तो किती राहिला नव्हता हे तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

बायकांच्या दालनात चौदा जणी होत्या. फळीवर त्यांच्यासाठी दोन बाया लिहिलेल्या असल्या तरी प्रत्यक्षात एकच होती, चेंदणीची शालू. तिशीतली विधवा, अंगानं काटकुळी, बोलायला फटकळ. दुसरी बाई मुंबईला गिरणीत लागली ती पुन्हा आली नाही, आणि तिच्या जागी कुणी नेमलं नाही. पुरुषांकडेही दोन गड्यांऐवजी एकटा धाकू होता. तो दिवसाचे दोन प्रहर बंदरावर गलबतं भरायला जायचा. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं, कारण बोललं तर तोही गेला असता.

सखुबाईनं सुरुवात केली ती पाण्यापासून. पलीकडच्या बाजेवरची म्हातारी पाणी मागून मागून दमली आणि गप्प झाली, तेव्हा सखुबाई उठली आणि तिला तांब्याभर पाणी दिलं. मग तिला बसवलं. बसवल्यावर तिचं लुगडं ओलं आहे हे कळलं, ते बदललं. पुढं एकीचे केस विंचरायचे, दुसरीला घास भरवायचा, तिसरीला परसाकडे धरून न्यायचं असं होत होत दीड वर्षात अर्ध्या दालनाचं काम तिच्या अंगावर आलं. शालू आधी ओशाळली. नंतर तिला सवय झाली. सकाळी आत येताना ती विचारायची, "मावशे, आज कुनाकडनं सुरू करतीस?" सखुबाईचे हात मिठानं रापलेले, बोटं जाड. पण माणूस उचलायचं कसब त्या हातांत आपसूक होतं. ओझं कुठं धरलं की हलकं लागतं हे तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं.

सगळ्यांत जड काम कमळाबाईचं होतं. ती कल्याणच्या पारनाक्यावरच्या सोनाराची विधवा. डावं अंग वाऱ्यानं गेलेलं, बोलणं मात्र शाबूत. आली तेव्हा तिनं सखुबाईच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं.

"तू कोणाची?" तिनं विचारलं होतं.

"खारीगावची. आगरी."

"मग तांब्या खाली ठेव. शालू आली की घेईन."

शालू चेंदणीची कोळीण होती. तिच्या हातचं कसं चालतं हे सखुबाईनं विचारलं नाही. तिनं तांब्या खाली ठेवला. त्या दिवशी शालू यायला उशीर झाला, दुसऱ्या दिवशी त्याहून झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी कमळाबाई म्हणाली, "आण गं इकडे." त्यानंतर तो विषय निघाला नाही. सखुबाई तिला दिवसातून पाच वेळा कुशीवर वळवायची, पाठीला खोबरेल लावायची, विहिरीकडच्या केळीचं पान आणून तिच्या खाली अंथरायची. कमळाबाई तिच्या कामात खोट काढल्याशिवाय राहायची नाही. पान उलटं घातलंस, तेल जुनं आहे, वेणी सैल झाली. सखुबाईला त्याचं काही वाटायचं नाही. बाकीच्या तेरा जणींत अशी ठणठणीत बोलणारी दुसरी नव्हती.

कमिटीच्या पाहणीच्या आदल्या दिवशी सखुबाई आणि शालू मिळून सगळ्यांना न्हाऊ घालायच्या, धुतलेली लुगडी नेसवायच्या, जमीन सारवायच्या. कमिटीची मंडळी दारातून आत डोकावायची आणि "ठीक, ठीक" म्हणून पडवीत चहा घ्यायला जायची. कारभारी परशुरामपंत सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'व्यवस्था समाधानकारक.' पंत जिल्ह्याच्या कचेरीत नकला करून निवृत्त झालेले होते. माणूस सरळ होता, पण कुणाशी वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

भाद्रपदात सखुबाईला हिवताप आला. नऊ दिवस ती उठली नाही. शालू कोयनेलची कडू पूड पाण्यात कालवून तिच्या तोंडात ओतायची आणि पळायची. दहाव्या दिवशी सकाळी अंग थंड पडलं, डोळे उघडले, आणि पहिल्यांदा तिला वास आला. ती भिंत धरून उठली आणि कमळाबाईच्या बाजेशी गेली.

"आलीस?" कमळाबाई म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

सखुबाईनं तिला कुशीवर वळवलं. पाठीच्या खाली, माकडहाडापाशी, तळहाताएवढी जागा सोलून निघाली होती. मधोमध काळपट, कडेनं ओली.

"किती दिस झाले ह्याला?"

"तुला ताप चढला त्याच्या दोन-तीन दिवसांनी आग व्हायला लागली. शालूला बोलू नकोस. ती सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येत होती. एकटी कुणाकुणाला उचलेल?"

"मना हाक माराची."

"मारली. तू शुद्धीत नव्हतीस."

जखम धुताना शालूनं तिला दुसरी गोष्ट सांगितली. पुरुषांकडचा भिवा, पूर्वीचा पालखीचा भोई, पहाटे परसाकडे जायला एकटाच उठला आणि मागच्या पायरीवरून पडला. धाकू तिथं नव्हता. स्वैपाकी पाणी काढायला आला तेव्हा भिवा सापडला. खुब्याचं हाड मोडलं होतं. पाच दिवस कण्हत होता, सहाव्या दिवशी गेला. परवाच नेला.

सखुबाई ऐकून घेत होती आणि हात चालवत होती. भिवाला ती कधीमधी दालनाच्या दारातून परसापर्यंत सोडायची. रोज नाही, पण पहाटे तिला जाग असायची आणि त्याच्या काठीचा आवाज ओळखीचा होता.

त्याच दुपारी ती परशुरामपंतांच्या खोलीत गेली. पंत नाकावर चष्मा ठेवून काहीतरी लिहीत होते.

"पंत, शालूच्या जोडीला बाई ठेवा. आनि धाकूच्या जोडीला गडी."

"बस, सखुबाई. ताप उतरला का?"

"उतरला. कमळाबायची पाठ सोलली. भिवा गेला."

"मला काय माहीत नाही?" पंतांनी लेखणी खाली ठेवली. "दोनदा लिहिलंय मी कमिटीला. हे बघ." त्यांनी खणातून एक कागद काढला, आणि तिला वाचता येत नाही हे लक्षात आल्यावर स्वतःच वाचला. "'सध्याच्या नोकरांकडून काम विनातक्रार चालले असल्याचे प्रत्येक पाहणीत दिसून आले आहे. सबब रिकाम्या जागा तूर्त भरण्याचे कारण दिसत नाही.' हे पहिलं उत्तर. दुसरंही तेच."

सखुबाईनं त्या कागदाकडे पाहिलं. "म्हंजे मी करतंय म्हनून मानूस नाय मिलत?"

"तसं कुणी लिहिलेलं नाही."

"पन हाय तसंच ना?"

पंतांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "तू केलंस म्हणून चाललं. नाहीतर कधीच बोंब झाली असती. मी लिहायला हवं होतं की हे काम एक आश्रित बाई करते. पण ते लिहिलं असतं, तर इतके दिवस का लिहिलं नाही हे मला विचारलं असतं. आता भिवाचंही लिहायचंय. वार्धक्यानं गेला असं लिहू की काय, विचार करतोय."

"वार्धक्यानं नाय गेला तो."

"नाही," पंत म्हणाले. "नाही गेला."

पुढची पाहणी आश्विनातल्या एका सोमवारी होती. आठ दिवस सखुबाई कमळाबाईची पाठ धूत होती, पान बदलत होती आणि विचार करत होती. विचार करायची तिला फारशी सवय नव्हती. मिठागरात जे समोर येईल ते ओढायचं असे. पण एकदा एक गोष्ट तिच्या डोक्यात बसली की ती उठत नसे. रविवारी दुपारी, बाकीच्या जणी पेंगत असताना, ती कमळाबाईच्या बाजेशी टेकून बसली.

"उद्या ते येतील. आज न्हायला घालाचं नाय, सारवाचं नाय. आनि उद्या सकाली मी बाजेवरनं उठनार नाय."

कमळाबाईनं तिच्याकडे पाहिलं.

"शालू एकलीनं जे होईल ते होईल. तवढंच त्यांनी बघाचं."

"शालूला सांगितलंस?"

"सांगितलं. रडली. मग म्हनाली, कर."

"म्हणजे मी ओली पडून राहणार."

"व्हय. ते तुला विचाराला आलंय. तू नको म्हनलीस तर नाय करनार."

कमळाबाई छताकडे बघत राहिली. तिच्या उजव्या हाताची बोटं लुगड्याच्या काठाशी चाळा करत होती. "किती वाजता येतात ते?"

"आठाच्या टोल्याला."

"मग पहाटेपासून तेवढा वेळ. राहीन." मान वळवून ती म्हणाली, "पण तू खरंच उठायचं नाहीस हं. तू अर्ध्यावर उठलीस तर माझं ओलं राहणं फुकट जाईल. आणि तुझा पाय त्यांना दिसला तर तुला ठेवणार नाहीत इथे."

"पायाचं तुला ठावं हाय?"

"मी आंधळी थोडीच आहे? डावं अंग गेलंय माझं, डोळे नाही."

सोमवारी उजाडलं आणि दालन जागं झालं. एकेक जण हाका मारू लागली. कुणाला पाणी, कुणाला परसाकडे जायचं, कुणी नुसतंच नाव घेऊन हाक मारत होती. "सखू, ए सखू." सखुबाई बाजेवर पाय पसरून बसली होती, काठी मांडीवर घेऊन. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. शालू या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होती. एकीला परसाकडे नेऊन आणेपर्यंत दोघींची लुगडी ओली होत होती. न्याहरीची पेज थाळ्यांत निवून गेली, कारण चौघींना हातानं खाता येत नव्हतं.

परशुरामपंत एकदा दारात आले. त्यांनी सगळीकडे पाहिलं, मग सखुबाईकडे पाहिलं. "सखुबाई, बरं नाही का?"

"बरी हाय."

पंत आणखी काही बोलतील असं तिला वाटलं. ते पडवीत जाऊन उभे राहिले.

कमिटीचे दोघे आले. भाऊसाहेब वकील पुढं होते, पन्नाशीचे, पांढरी पगडी घातलेले. दुसरे गृहस्थ दारातच थांबले, नाकाला उपरणं लावलं आणि पडवीत परत गेले. भाऊसाहेब आत आले. ते प्रत्येक बाजेसमोर थांबत थांबत चालले. मग पडवीत जाऊन त्यांनी फळी वाचली, आणि पुन्हा आत आले.

"दोन बाया लिहिल्यात. दुसरी कुठे आहे?"

"जागा रिकामी आहे, साहेब," पंत म्हणाले. "दोन वर्षं होत आली."

"पुरुषांकडे?"

"तिकडेही एक रिकामी. भिवा नावाचे एक आश्रित पडून वारले, मागच्या महिन्यात. सोबतीला कुणी नव्हतं. ते मी अहवालात लिहिलंय." पंतांनी वाक्य अर्धवट सोडलं नाही. सखुबाईनं पदराआडून त्यांच्याकडे पाहिलं.

"मग इतके दिवस हे असं दिसलं कसं नाही आम्हाला?"

भाऊसाहेब शालूकडे वळले. "बाई, तू रोज जे करतेस ते कर. मला बघू दे."

शालू कमळाबाईच्या बाजेशी गेली. तिनं तिच्या बगलेत हात घालून तिला वर ओढायचा प्रयत्न केला. कमळाबाई अंगानं भरलेली होती. तिचा निर्जीव पाय बाजेच्या कडेवरून खाली लोंबला आणि त्याच्या ओझ्यानं सगळं अंग घसरू लागलं. खालचं फडकं जखमेला चिकटलं होतं. ते तसंच ओढलं गेलं. कमळाबाईनं उजव्या हातानं पदर तोंडात कोंबला.

सखुबाईनं काठी घट्ट धरली होती. कमळाबाईची नजर तिच्याकडे वळली. कमळाबाईनं मान हलवली, नको, नको.

सखुबाई उठली. काठी खाली पडली. दालनाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत ती सरळ चालत गेली, शालूला खांद्यानं बाजूला केलं, एक हात कमळाबाईच्या मानेखाली आणि दुसरा गुडघ्यांखाली घातला आणि तिला एका दमात कुशीवर घेतलं. "पानी आन," ती शालूला म्हणाली. चिकटलेलं फडकं तिनं पाण्यानं भिजवून भिजवून सोडवलं, जखम पुसली, कोरडं फडकं पसरलं, लोंबणारा पाय उचलून वर ठेवला. कमळाबाईच्या तोंडातला पदर काढला आणि तिचे ओठ पुसले. हे सगळं होईपर्यंत दालनात कोण आहे याचं तिला भान नव्हतं. मग ते आलं आणि ती वळली.

भाऊसाहेब तिच्या पायांकडे बघत होते.

"ही कोण?"

"सखुबाई," पंत हळूच म्हणाले. "आश्रित आहे."

"कागदावर काय आहे हिच्या?"

पंतांना कागद पाहावा लागला नाही. "चालण्यास असमर्थ."

भाऊसाहेबांनी तिला समोर बोलावलं. "हे रोज तू करतेस?"

"व्हय."

"किती जणींचं?"

सखुबाईनं बोटांवर मोजून नावं सांगितली. सात झाली. आठवीचं नाव सांगताना ती थांबली, कारण तिला फक्त वेणी घालायची होती. तेही तिनं सांगितलं.

"मागच्या खेपेला तू लंगडत होतीस. मला आठवतं."

"व्हय. तवा लंगडले."

"का?"

"तुमी भायेर काडाल म्हनून."

भाऊसाहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर सखुबाईला सोपं गेलं असतं. "आणि आज सकाळपासून बसून होतीस, ते?"

"तुमाला दिसावं म्हनून."

"दिसलं," ते म्हणाले आणि बाहेर गेले. त्या दिवशी पडवीत चहा झाला नाही.

आठ दिवसांनी कमिटीचा ठराव आला. पंतांनी सखुबाईला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. बायकांकडे दोन नव्या बाया नेमायच्या, पुरुषांकडे एक गडी. आश्रित दहा झाले की दोन नोकर असलेच पाहिजेत. पाहणीचा दिवस यापुढं आधी कळवायचा नाही. अंथरुणाला खिळलेल्यांना डॉक्टरनं पंधरा दिवसांनी पाहायचं. कारभाऱ्यानं खरी स्थिती वेळेवर कळवली नाही याबद्दल त्याला समज देण्यात येत आहे. हे पंतांनी इतर कलमांसारखंच सरळ आवाजात वाचलं. मग ते थांबले.

"आनि माझं?" सखुबाई म्हणाली.

"'सखुबाई, राहणार खारीगाव, ही धडधाकट असून नियमाप्रमाणे या घरात राहण्यास पात्र नाही. तिने पंधरा दिवसांत जागा सोडावी.'" पंतांनी कागदाची घडी केली. "मी भाऊसाहेबांच्या घरी गेलो होतो. म्हटलं, तिलाच बाई म्हणून नेमा, तिच्याइतकं काम कुणाला येतं? ते म्हणाले, साठी उलटलेल्या बाईकडून हे काम घ्यायचं म्हणजे इतके दिवस जे चाललं तेच पुढं चालवायचं. आणि म्हणाले, शहाडची एक आंधळी बाई सहा महिने जागेची वाट पाहतेय. देवळाच्या पडवीत झोपते."

सखुबाईनं दोन्ही गोष्टी मनात उलटसुलट करून पाहिल्या. "बरोबर हाय त्यांचं," ती म्हणाली, आणि आपल्या तोंडून हे निघालं याचा तिला त्रास झाला. बाहेर येऊन ती विहिरीच्या काठावर बसली आणि थोडा वेळ रडली. मग पेजेची वेळ झाली म्हणून आत गेली.

पंधरा दिवसांत नव्या बाया आल्या. त्यातली शेवंती कळव्याची, पंचविशीची, दांडगी. सखुबाई तिला बरोबर घेऊन फिरायची. ही डाव्या बाजूनं उठते. हिला पेज पातळ लागते, नाहीतर ठसका लागतो. ही पाणी मागत नाही, तिला आपण विचारायचं. शेवंती ऐकायची, अर्धं विसरायची, पुन्हा विचारायची. कमळाबाई तिला जवळ येऊ देईना. "हिचे हात थंड आहेत," ती म्हणायची. सखुबाई म्हणाली, "ऊन पान्यात घालील ती. तू जरा कळ काढ." शेवटच्या दिवशी सहदेव न्यायला आला तेव्हा कमळाबाईनं तोंड भिंतीकडे केलं होतं. सखुबाईनं हाक मारली, ती वळली नाही. आपणहून वळता येत नाही तिला, हे सखुबाईच्या नंतर लक्षात आलं. कमळाबाईनं शेवंतीला सांगूनच तोंड तसं करून घेतलं होतं.

सहदेवच्या घरी तिला पुन्हा ओटीची जागा मिळाली. तिच्या वाटचं काम म्हणजे खळ्यावर भात राखायचं आणि धाकट्या पोरीला मांडीवर घेऊन बसायचं. कुणी वाईट वागत नव्हतं. पहाटे मात्र तिला जाग यायची आणि आता कुणाकडे जायचं हे क्षणभर आठवायचं नाही.

मार्गशीर्षात, भात घरात आल्यावर, ती एका गुरुवारी तरीनं ठाण्याला गेली. धर्मशाळेच्या पडवीत पंत होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, खारीगावची चौकशी केली, आणि मग आत जाऊ दिलं. दालनात तिला आधी जाणवलं ते हे, की कुणी हाका मारत नव्हतं. शालू एका टोकाला थाळे गोळा करत होती, दुसरी नवी बाई कुणाला तरी धरून परसाकडे निघाली होती. दाराजवळच्या बाजेवर शहाडची आंधळी बाई बसून वाती वळत होती.

शेवंती कमळाबाईपाशी होती. सखुबाई पुढं झाली आणि तिचा हात सवयीनं मानेखाली जाऊ लागला.

"मावशे, हात लावायचा नाय आता," शेवंती म्हणाली. तिला ते म्हणायला अवघड जात होतं. "भायेरच्या मानसानं आश्रिताला हात लावायचा नाय. डॉक्टरानं सांगितलंय, जखमेमुलं."

सखुबाई बाजेजवळच्या पाटावर बसली. शेवंतीनं कमळाबाईला वळवायला घेतलं. वेळ लागला. एकदा कमळाबाईचा चेहरा आक्रसला.

"गुडघ्याखाली घाल हात," सखुबाई म्हणाली. "कमरेखाली नाय."

शेवंतीनं हात खाली घेतला आणि कमळाबाई वळली. तिची पाठ सखुबाईसमोर आली. जागा भरत आली होती. कडेनं नवी गुलाबी कातडी होती, मधला काळा भाग गेला होता. शेवंती कामाला दुसरीकडे गेली.

"बघितलीस?" कमळाबाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली.

"बघितली. सुकली."

"सुकणारच. दिवसाला सहा वेळा उलथीपालथी करतात मला. झोप म्हणून लागू देत नाहीत." मग ती म्हणाली, "मी मान हलवली होती त्या दिवशी."

"दिसली मना."

"मग उठलीस कशाला? नुसती शेवटपर्यंत बसली असतीस, तर त्यांनी बायाही दिल्या असत्या आणि तूही राहिली असतीस."

सखुबाईनं त्यावर दोन महिने विचार केला होता. खळ्यावर बसून दुसरं होतं काय? "ठावं नाय," ती म्हणाली. "उठले."

कमळाबाईनं उजवा हात मागं केला, पाठीवरून, कुठं जातोय ते न दिसता. सखुबाईनं शेवंतीकडे पाहिलं. शेवंती पाठमोरी होती. सखुबाईनं तो हात धरला आणि शेवंती परत वळेपर्यंत धरून ठेवला.

त्यानंतर ती महिन्यातून एकदा येत राहिली. कमळाबाई पुढं दीड वर्ष जगली. त्या गुरुवारी मात्र सखुबाईला उशीर करून चालणार नव्हतं, कारण भरतीची होडी सुटली की पुढची संध्याकाळपर्यंत नसे. तिनं विहिरीवर पाणी काढलं, चूळ भरली, पायांवर घेतलं, आणि बंदराच्या वाटेला लागली.